रूपी बोलत नाही

ज्योतीरामला मुलगी झाली तेव्हा त्याने कंपनीत पेढे वाटले. यात नवल काही नव्हतं, सगळेच वाटतात. पण पोरीने मान धरली म्हणून त्याने पुन्हा पेढे नेले, ती पालथी पडली तेव्हा बालुशाही नेली आणि पहिला दात लुकलुकला त्या दिवशी अख्ख्या शिफ्टला भेळ खाऊ घातली, तेव्हा मात्र लोक त्याची टर उडवायला लागले. उद्या पोरगी शिंकली तर हा गावजेवण घालील, असं कुणीतरी म्हणालं आणि ते पुढे बरेच दिवस चाललं. ज्योतीरामला त्याचं काही वाटत नसे. तो स्वतः कधी बसायला लागला, कधी चालायला लागला, हे लातूरकडच्या त्याच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणे, ज्वारी काढायला आली होती बघ तेव्हा. कुठल्या सालची ज्वारी ते तिलाही आठवत नसे. आपल्या लेकीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं होतं.

शिवाय त्याला त्यात खरोखरच नवल वाटे. तो महाळुंग्यातल्या एका कंपनीत हॅमरवर होता. भट्टीतून लालभडक लोखंडाचा तुकडा चिमट्याने काढायचा, साच्यात ठेवायचा आणि वरून यंत्राचा अवजड घण हाणायचा, हे त्याचं काम. घण बसल्याशिवाय लोखंड तसूभर हलत नाही, हे तो रोज बघत होता. आणि घरी ही पोर, कागदावर स्वरूपा आणि घरात रूपी, कुणी काही न करता आपली आपण बदलत होती. काल तिला या हातातली वाटी त्या हातात घेता येत नव्हती, आज येत होती. शिफ्ट सुटली की तो कुठे न रेंगाळता खोलीवर यायचा आणि आज नवीन काय, असं दारातूनच विचारायचा.

रूपी भिंत धरून चालली, मग भिंत सोडून चालली. आता बोलण्याची पाळी आली आणि तिथेच घोडं अडलं.

ती हसायची, रडायची, तोंड उघडून काहीबाही सांगायला बघायची. पण तिच्या तोंडून 'आ'शिवाय दुसरं काही निघत नव्हतं. त्याची बायको दीपमाला वेगळंच सांगे. आज ती चिऊ म्हणाली, आज पाणी मागितलं, आज पप्पा कुठं म्हणून विचारलं. ज्योतीराम मग रूपीला समोर उभी करून म्हणे, म्हण बघू पप्पा. रूपी त्याच्याकडे टक लावून बघे आणि म्हणे, "आ-आ." दीपमाला कौतुकाने टाळी वाजवे आणि ज्योतीराम पोरीवरची नजर काढून घेई.

त्याच्या भीतीला कारण होतं. त्याचा चुलता धोंडीबा जन्माचा मुका होता. हाक मारली की वळायचा, सांगितलेलं सगळं करायचा, पण बोलायला गेला की नुसतं आ, आ. आजी मात्र मरेपर्यंत गावभर सांगत राहिली की माझा धोंडू मला आई म्हणतो. लोक हो हो म्हणायचे. लहानपणी ज्योतीराम मुद्दाम त्या दोघांजवळ जाऊन बसायचा, कान टवकारून, पण त्याने तो शब्द कधी ऐकला नाही. आजी खोटारडी नव्हती. तिला तो ऐकू येत असावा, आणि तेच फार भयंकर होतं.

धोंडीबा गेला तो उन्हाळ्यात. कडब्याची गंजी त्याच्या अंगावर कोसळली. खालून तो ओरडत होता आणि ते वाटेवरच्या लोकांनी ऐकलंही होतं. पण धोंडीबा एरवीही तसाच ओरडायचा, म्हणून कुणी वाट वाकडी केली नाही. संध्याकाळी बैल बांधायला गेलेल्या माणसाला तो सापडला.

म्हणून दीपमाला हरखून रूपीचे शब्द सांगायला लागली की ज्योतीरामला समोर बायको दिसेनाशी व्हायची, आजी दिसायची. त्याने एकदा रूपीच्या पाठीमागे उभं राहून स्टीलचं ताट खाली टाकलं. ती दचकून वळली. म्हणजे कान चांगले होते, दोष जिभेत होता, अगदी धोंडीबासारखा. त्यातच ती त्याच्याशी खुणा करायला लागली. पाणी हवं असलं की हाताची ओंजळ करून तोंडाला लावायची, बाहेर जायचं असलं की त्याची हनुवटी धरून तोंड दाराकडे वळवायची. वर्षापूर्वी या अकलेवर त्याने शिफ्टला जिलेबी चारली असती. आता तिने खूण केली की तो तिचा हात धरून खाली करी. धोंडीबाही असाच हनुवटी धरायचा.

हॅमर शॉपमध्ये माणसाला भ्यायला भरपूर सवड मिळते, कारण तिथे बोलणं नसतंच. ठोका पायाच्या तळव्यातून वर छातीत येतो, त्यात कोण काय बोलणार? अंगठा वर केला की मार, पंजा आडवा धरला की थांब, दोन बोटं तोंडाशी नेली की चहा. कंपनीने कानात घालायला बोळे दिले होते. ते सगळ्यांच्या गळ्यात मंगळसूत्रासारखे लोंबत आणि सेफ्टीवाले साहेब फिरकले की तेवढ्यापुरते कानात जात. जुन्या लोकांची शिकवणच तशी होती. तुकडा साच्यात नीट बसला की नाही हे ठोक्याच्या आवाजावरून ओळखायचं, कानात बोळे घालून ते कसं कळणार? ज्योतीराम त्यात तयार मानला जाई. सुट्टीत सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलत, आणि खोलीवर ज्योतीरामचा टीव्ही शेजारच्या दोन बिऱ्हाडांनाही फुकटात ऐकायला मिळे. तर अशा ठिकाणी दिवसभर घण हाणताना त्याच्या डोक्यात एकच चाले. ही मोठी होईल, चाकणच्या या रस्त्यांवर कंटेनरच्या गर्दीत कुठेतरी अडकेल, तोंड उघडेल, आणि लोक पुढे निघून जातील.

एका गुरुवारी ते जवळजवळ घडलंच. गुरुवार म्हणजे त्यांच्या सुट्टीचा वार. दीपमाला दळण आणायला गेली होती. ज्योतीराम खोलीच्या उंबऱ्यावर गल्लीकडे पाठ करून मिक्सरची वायर जोडत बसला होता आणि रूपी त्याच्या मागे वाटी-चमचा घेऊन खेळत होती. वायर जोडून झाली. डिझेलचा भपकारा नाकात शिरला म्हणून त्याने सहज वळून बघितलं. एक टेम्पो रिव्हर्स घेत गल्लीत येत होता. त्याचं मागचं फळकूट आणि घरमालकाच्या कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये रूपी भिंतीला चिकटून उभी होती. दोन्ही हात त्याच्याकडे पसरलेले, तोंड वासलेलं.

त्याने तिला कशी ओढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. टेम्पो थांबला. ड्रायव्हर पांढराफटक होऊन खाली उतरला. हॉर्न न देता रिव्हर्स घेतोस, डोळे फुटले का तुझे, म्हणून ज्योतीरामने त्याच्या सात पिढ्या काढल्या. ड्रायव्हर टेम्पोच्या मागच्या दिव्याकडे बोट दाखवून पुन्हा पुन्हा काहीतरी सांगत होता, पण ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत ज्योतीराम नव्हता. त्याच्या गळ्याशी रूपीचं काळीज धडधडत होतं.

दीपमाला आली तेव्हा त्याने रूपीला अजून खाली ठेवलं नव्हतं. "तोंड उघडून उभी होती," तो तिला म्हणाला. "जीव जायची वेळ आली तरी हाक मारता येईना तिला. आता तरी मान्य कर."

तिने रूपीला हातातून काढून घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं आणि आत नेलं. तो मघापासून जे बोलत होता ते सगळं आरडाओरडा करूनच, हे तिला नवीन नव्हतं.

ज्योतीराम मग घरमालकीण सुभद्राबाईंकडे गेला. त्या जुन्या गावातल्या. शेतात चाळ उभी राहिली तेव्हापासून त्यांचा दिवस बंगल्याच्या ओट्यावर खुर्चीत जाई. रूपी त्यांच्या दणदणीत आवाजाला बिचकायची, कधी जवळ जायची नाही, त्यामुळे बापाने जे सांगितलं ते त्यांनी खरं धरलं. पोर बोलत नाही, हे ज्योतीरामने त्यांना कसंबसं सांगितलं. इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा तोंडातून निघालं होतं.

"त्यात काय येवढं घाबरायचं?" सुभद्राबाई म्हणाल्या. "पोपटानं टोचल्याला पेरू चार तिला. आमच्या पिंटूला बी चारला व्हता. आता गप म्हनलं तरी गप बसत न्हाई."

कंपन्यांच्या भिंतींमध्ये पेरूची चार झाडं उरलेला एक तुकडा होता. पहिली शिफ्ट करून ज्योतीराम तिथे जाऊन उभा राहू लागला. धट्टाकट्टा माणूस युनिफॉर्म घालून झाडाखाली मान वर करून पोपटांची वाट बघतोय, हे येणारेजाणारे बघत होते. त्याला लाज वाटली नाही. भ्यालेल्या माणसाला लाज नसते. शेवटी एक पेरू मिळाला, एका अंगाने चोचीने कोरलेला. तो रुमालात गुंडाळून त्याने खोलीवर आणला आणि रूपीच्या तोंडाशी नेला. दीपमालाने तो त्याच्या हातातून हिसकावून मोरीत टाकला.

"पाखरानं उष्टं केलेलं लेकराला घालालाव?" ती म्हणाली. "ती बोलायली. मी शंभरदा सांगितलं, बोलायली. तुम्हाला माझं खरं का वाटंना गेलंय?"

"माझी आजी पण असंच म्हणायची."

दीपमालाला धोंडीबाची गोष्ट माहीत होती. ती खाली बसली. इतके दिवस तिला वाटत होतं की नवऱ्याचा स्वभाव चिडका झालाय. आज पहिल्यांदा तिला वाटलं की याच्या डोक्यात काहीतरी फिरलंय, आणि ती मनातून चरकली. दोघं एकमेकांकडे बघत बसले, आणि दोघांनाही समोरच्याचीच भीती वाटत होती. मग तिनेच विषय तोडला. मोठ्या दवाखान्यात जाऊ, ती म्हणाली, ही बोलते का नाही ते तिसऱ्या माणसाला सांगू द्या.

पुढच्या गुरुवारी ती तिघं बसने पिंपरीला गेली. मोठ्या दवाखान्यात कानाची आणि वाचेची तपासणी एकाच खोलीत होती. बाहेरच्या बाकावर एक मुलगा बसला होता, दोन्ही कानांमागे यंत्रं लावलेला, आणि त्याची आई त्याला बोटांनी काहीतरी सांगत होती. ज्योतीरामने मान दुसरीकडे फिरवली. नंबर येऊ नये असं त्याला वाटत होतं. आतून बाहेर आल्यावर जे कळलेलं असेल ते पुन्हा न कळलेलं करता येणार नव्हतं.

तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी रूपीच्या पाठीमागे खुळखुळा हलवला, बारीक घंटी वाजवली. ती दरवेळी वळली. मग त्यांनी तिला चित्रांचं एकेक कार्ड दाखवायला सुरुवात केली. मांजर, चेंडू, केळं. रूपी त्यांच्याकडे बघून तोंड उघडत होती आणि ज्योतीराम कान टवकारून ऐकत होता. आ. आ-ऊ. अ-आ. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

"हेच," तो न राहवून म्हणाला. "मॅडम, हेच करते ती. एक शब्द येत नाही."

मॅडमचं लिहिणं थांबलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग दीपमालाकडे. मग मांजराचं कार्ड उचलून त्यांनी स्वतःच्याच तोंडासमोर धरलं. ज्योतीरामला वाटलं, पोरीला दाखवतायत. तो थांबून राहिला. कार्ड तसंच होतं. त्याने दीपमालाकडे बघितलं, तर तिचा चेहरा पार उतरला होता आणि ती रूपीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

"मॅडम तुम्हाला विचारायल्यात," ती म्हणाली. "कवाच्या विचारायल्यात."

"काय विचारतायत?"

मॅडमनी कार्ड खाली केलं आणि त्याच्यासमोर तोंड आणून, सावकाश, मोठ्याने विचारलं, "दादा, कुठल्या कंपनीत आहात?"

त्याला एका काचेच्या पेटीसारख्या खोलीत बसवलं, कानांवर जाड हेडफोन दिला आणि आवाज आला की बटण दाब असं सांगितलं. तो वाट बघत राहिला. आत रातकिडे किर्रर्र करत होते, ते कुठून आलेत ते त्याला कळेना. मग आठवलं की ते खोलीवरही असतात, बसमध्येही असतात, आणि आपल्याला वाटत होतं ते सगळ्यांनाच ऐकू येतात. काचेपलीकडे मॅडमचं बोट यंत्रावर हलत होतं, दीपमाला पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि त्याच्या अंगठ्याखालचं बटण बराच वेळ तसंच राहिलं.

मुलगी छान बोलते, मॅडमनी नंतर सांगितलं, वयाच्या मानाने जास्तच बोलते. ऐकायला त्याला कमी येतंय. कारखान्यातल्या आवाजाने कान हळूहळू जातात, आधी बारीक आवाज जातात आणि जाड आवाज शिल्लक राहतात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. लहान पोरीच्या शब्दातला 'आ' तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो, त्याच्या आधीचा प, च, क वाटेतच गळतो. गेलेलं परत येत नाही. यंत्राने थोडं भागेल, आणि उरलेलं टिकवायचं तर कानांत बोळे हवेत किंवा काम बदलून घ्यायला हवं.

"मग ती खुणा का करते?" ज्योतीरामने विचारलं. तो अजून तिथेच अडकला होता.

"आईशी करते का?" मॅडमनी विचारलं. दीपमालाने मान हलवून नाही म्हटलं. "तुमच्याशीच करते. तोंडाने बोलून तुम्ही उत्तर देत नाही, हे तिला कळलंय."

हे तिला कळलं होतं, घरातल्या कुणाच्याही आधी. ज्योतीरामला एकदम टेम्पो आठवला. टेम्पोचा रिव्हर्सचा हॉर्न वाजत होता. ड्रायव्हर तेच सांगत होता. आणि रूपी तोंड वासून मुकाट उभी नव्हती. ती हाका मारत होती, दोन हात अंतरावर पाठ करून बसलेल्या बापाला, आणि बाप वायर जोडत होता. डिझेलचा वास आला नसता तर? त्याने खुर्चीची कड घट्ट धरली. धोंडीबाच्या गोष्टीत आपण वाटेवरून निघून जाणारा माणूस आहोत, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बसथांब्यावर तिघं बसून राहिली. पोर मुकी नाही, हे ज्योतीराम मनातल्या मनात पुन्हा पुन्हा घोकत होता आणि तरी भीती जात नव्हती. तिने फक्त जागा बदलली होती. कंपनीत कळलं तर हॅमरवरून काढतील, कुठे टाकतील कोण जाणे. रस्ता कसा ओलांडायचा? पण त्याहून खोल काहीतरी खुपत होतं. रूपीचा पहिला शब्द येऊन गेला होता. त्याचे पेढे वाटायचे राहिले होते.

तिचा पहिला शब्द कोणता, त्याने दीपमालाला विचारलं. पप्पा, ती म्हणाली, तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. मग तिने सगळंच सांगायला घेतलं. चिऊ कधी म्हणाली, कुलपाला पुकू म्हणते, सुभद्राबाईंना भूऽ म्हणते, तो शिफ्टला गेला की दारात उभी राहून त्याला नावाने हाका मारते. ज्योतीराम तिच्या ओठांकडे बघत ऐकत होता आणि त्याच्या मनात पुन्हा ती जुनीच पाल चुकचुकली. दया आली म्हणून माणूस काहीही सांगतो. आजीला लोक हो हो म्हणत होतेच की.

तेवढ्यात रूपी त्याच्या मांडीवर चढून समोरासमोर उभी राहिली. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि काहीतरी म्हणाली. त्याला आवाज आला तो नेहमीचाच, पण या वेळी तो कान देऊन नाही, डोळे लावून बसला होता. तिचे ओठ दोनदा मिटले आणि उघडले. स्पष्ट दिसलं.

"पप्पा म्हणाली?" त्याने दीपमालाला विचारलं. "आत्ता पप्पा म्हणाली ना गं?"

दीपमालाने त्याच्याकडे बघितलं. हो म्हणायला तिचं काहीच जाणार नव्हतं. त्याला काय ऐकायचंय ते त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"न्हाई," ती म्हणाली. "मंमं मनली. भूक लागलीय तिला."

दीपमाला हो म्हणाली असती तर ज्योतीरामला बरं वाटलं असतं आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा शंका आली असती. पण ती नाही म्हणाली, आणि त्या एका नाहीमुळे तिने आजवर सांगितलेलं सगळं त्याला खरं वाटलं. चिऊ खरी होती, पाणी खरं होतं, पप्पा कुठं हेही खरं होतं. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम त्याच्या पदरात पडलं आणि तो भर रस्त्यावर, लोकांदेखत रडायला लागला.

मग त्याने डोळे पुसले. समोर रस्त्याच्या पलीकडे केळ्यांची गाडी होती. रूपीला दीपमालाकडे देऊन तो केळी आणायला निघाला आणि फूटपाथच्या कडेशी येऊन थबकला. गाड्या सुसाट चालल्या होत्या. दीपमाला उठली, रूपीला एका कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने त्याचा हात धरला, दोन्हीकडे नीट बघितलं आणि त्याला रस्ता ओलांडून दिला.